अकरापैकी अकरावं पान

पंचफुलाबाई नान्हे दुकानात आल्या तेव्हा
प्रिंटर तापलेला होता, बारावीची हॉल तिकिटं निघत होती.
पाटी त्यांनी बाहेर ठेवली, वर ओलं फडकं,
पदराला हात पुसले आणि पासबुक पुढं केलं.
"डिलेश्वरीनं सांगतलं, सहा महिन्याचं काढून दे म्हणे.
वरून बँकेचा शिक्का पायजे."

डिलेश्वरी आयर्लंडात नर्स आहे.
तिला सातवा लागलाय.
तिचं पत्र आहे, पगाराच्या पावत्या आहेत,
एक खोली आईसाठी रिकामी आहे असंही तिनं लिहून दिलंय.
तरी त्यांना आईचं खातं बघायचंच आहे.
ही बाई तिकडं उपाशी राहणार नाही
आणि तिकडं राहूनही जाणार नाही,
दोन्ही एकाच कागदावर दिसलं पाहिजे.

मी आधी स्क्रीनवर वाचलं.
मच्छीमार संस्था, अठराशे चाळीस.
गॅसची सबसिडी.
संस्था, नऊशे साठ.
एसएमएसचे सतरा रुपये सत्तर पैसे कापले
(बाईंना वाचता येत नाही, मेसेज मीच वाचून दाखवतो).
व्याज, एकतीस.
अर्जुनीच्या बाजारात तीस वर्षं विकलेली मरळ
ह्यात कुठंच नव्हती.
झिंग्यांचा एक वाटाही नव्हता.
ते पैसे बँकेपर्यंत कधी पोचलेच नाहीत,
वाटेतच तेल झाले, वह्या झाले,
डिलेश्वरीची नागपूरची मेस झाले.

मग बावीस तारखेला एकदम
एक लाख दहा हजार.
"हे काय?"
"सालाची भिशी. माझा नंबर चौथ्या साली होता.
बाया म्हणाल्या, तूच घे आधी.
नातू का चार साल थांबते?"

नागपूरचा एजंट फोनवर म्हणाला,
असा अचानक आलेला पैसा चालत नाही,
पैसा खात्यात मुरलेला पाहिजे.
स्पीकर चालू होता.
"मुरलेला म्हणजे? मीठ लावून ठेवू का जी?"
एजंट हसला नाही.
खुलाशाचं पत्र जोडा म्हणाला.

भिशीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना.
आधी कर्ज लिहिलं. कर्ज नाही ते.
देणगी लिहिलं, तर बाई उखडल्या,
"दान घेतलं का मी कोणाचं? हरेकीचे फिरवून देईन."
मैत्रिणी असं लिहिलं, आणि खोडलं.
शेवटी नुसती अकरा नावं टाकली,
फुलवंता, सुभद्रा, देवांगना, गोपिका,
प्रत्येकीपुढं दहा हजार.
दुपारी सह्या आल्या, त्यात पाच अंगठे.
एका अंगठ्याला खवला चिकटलेला होता.

पुढचा रकाना, परत येण्याचं कारण.
शेत? नाही. नोकरी? नाही.
घरधनी? फोटोत.
"अरे बापू, मिरगानंतर बीज सोडतो ना आम्ही तलावात.
नखाएवढं असते पिल्लू.
मी नसली तर मोजन कोण?
तो गाडीवाला हजार म्हणते अना आठशेच टाकते."
मी उठून दारात आलो.
तलाव तिथूनच दिसतो, पाळीवर दोन येन,
पाणी काठापासून थोडं आत सरकलेलं.
मोबाईलवर एक फोटो काढला.
तो कुठं जोडायचा हे फॉर्मवर नव्हतं.

अकरा पानं निघाली.
शेवटच्यावर काहीच नाही,
वर बाईंचं नाव आणि खाली, पान ११ पैकी ११.
"हे कोरं बी लावा लागते?"
लागतं. एक पान कमी दिसलं तरी अर्ज परत येतो.
"कोऱ्याचे बी दहाच?"
मी म्हटलं, त्याचे राहू द्या.
त्यांनी कमरेची पिशवी सोडली,
एकशेदहा मोजून टेबलावर ठेवले.
ओलसर नोटा. पंख्याखाली उडाल्या नाहीत.

मग ते कोरं पान काढून
त्यांनी सगळ्यात वर घेतलं,
हाताच्या वासानं आतली खराब होऊ नयेत म्हणून,
आणि पाटी उचलायला मला हाक मारली.